पॉइंट टू-टू पिस्तूल निवडताना: हिशेब गोळीचा, माप हाताचं

पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, गोळ्या मात्र दरवर्षी. आठवड्यातून दोनदा रेंजवर गेलात आणि दर वेळी ६० गोळ्या झाडल्या, तर वर्षाला सहा हजार होतात. त्यामुळे दुकानात जाण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: वर्षभर हाताशी कोणतं काडतूस मिळेल? जे पिस्तूल ते काडतूस न अडकता खातं, ते आपलं. बाकी चकचकीत निळं पॉलिश आणि अक्रोडाची ग्रिप नंतर.

पॉइंट टू-टूचं काडतूस म्हणजे .२२ लाँग रायफल, नावात रायफल असली तरी पिस्तुलातही हेच. ते स्वस्त का पडतं, हे हातात घेतलं की कळतं. बुडाला वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच ठोका देते. पितळी नळकांडं पातळ, गोळी नुसत्या शिशाची, ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. धक्का इतका कमी की शंभर गोळ्यांनंतरही हात दचकायला शिकत नाही, आणि नवशिक्याच्या दृष्टीने गोळीच्या किमतीपेक्षा हीच बचत मोठी. तोटाही त्याच रिममध्ये आहे. मसाला कडेभर सारखा पसरला नाही तर ठोका बसूनही गोळी उडत नाही, आणि रिकामं नळकांडं पुन्हा भरून वापरता येत नाही.

आता नागपुरातलं वास्तव. .२२ पिस्तुलाला परवाना लागतो आणि ते मान्यताप्राप्त रेंजवरच चालवायचं. शेतावर जाऊन डबे उडवायचा विचार असेल तर तो सोडा. कायद्याचा भाग वेगळाच, पण ही चिमुकली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. ४.५ मिमीच्या मॅच एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि दहा मीटर सरळ जागा लांबट घरातही निघते. म्हणून सरावाचा मोठा भाग, म्हणजे उभं राहणं, श्वास, साइट (नेम धरायची खूण) आणि ट्रिगर, एअर पिस्तुलावर करा. आवाज, धक्का आणि वेळेचं दडपण याची सवय .२२वर होते. दोन्हींतला एक फरक लक्षात ठेवा: स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा. हलक्या ट्रिगरला सरावलेलं बोट .२२वर अर्ध्या वाटेत थांबतं आणि मग झटका देतं. एअर पिस्तुलाचा ट्रिगर जड करता येत असेल तर रेंजच्या आधीचा आठवडा तो जड ठेवून सराव करावा.

परवान्याचं थोडक्यात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. वय सर्वसाधारणपणे २१ पूर्ण हवं, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा आजोबांच्या वेळची बारा बोअर नावावर असेल तर तीही मोजली जाते. स्पर्धक नेमबाजांना सवलती आहेत, पण त्या मिळतात नेमबाजी संघटनेच्या नोंदणीवर आणि स्पर्धेतल्या गुणांवर. विदेशी पिस्तूल थेट मागवण्याची मुभाही तशीच कमवावी लागते, म्हणून नवीन माणसापुढे रास्त वाटा दोन: क्लबचं पिस्तूल, किंवा परवानाधारक डीलरकडचं वापरलेलं. परवान्यावर दोन ओळी नीट वाचा. पहिली, एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसं घेता येतील. सहा हजारांचा हिशेब तिथे बसला पाहिजे. दुसरी, परवाना कुठल्या क्षेत्रापुरता. नागपूरहून पुण्याचं बालेवाडी सातशे किलोमीटर आणि भोपाळ त्याच्या निम्म्यावर, पण भोपाळ मध्य प्रदेशात आहे. नुसता महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर जवळची रेंज कागदावर लांब पडते.

पिस्तूल हातात घेताना आधी ते रिकामं करून पाहा. मॅगझीन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा, मग रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घाला. दुकानदाराने ‘रिकामंच आहे’ म्हटलं तरी.

मग माप. डोळे मिटा, हात नेहमीसारखा वर उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत जवळपास मधोमध आली पाहिजे. दर वेळी डावीकडे किंवा वर जात असेल तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाचा नाही. ग्रिप एक माप मोठी असेल तर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पुरेसं येत नाही. लहान असेल तर बोट आत घुसतं आणि ओढताना नळी बाजूला जाते. तर्जनीची कड लाकडाला घासता कामा नये. थोडा फरक असेल तर तो कानसेने आणि वुड पुटीने भरून निघतो आणि बहुतेक नेमबाज तसंच करतात. मात्र नियम पाहून करा, मनगटाला आधार देणारी ग्रिप स्पर्धेत चालत नाही. डावखुऱ्यांनी डाव्या हाताची ग्रिप मिळेल की नाही हे सौदा ठरण्याआधी विचारावं, कारण बहुतेक वेळा उत्तर ‘मागवावी लागेल’ असंच असतं.

साइटमधलं अंतर लोक दुर्लक्षितात. २५ मीटरच्या स्पर्धेत दोन साइटमधलं अंतर २२० मिमीपर्यंत चालतं. अशा पिस्तुलात पुढची साइट १ मिमी सरकली तर गोळी टार्गेटवर सुमारे ११४ मिमी दूर पडते, म्हणजे सहाच्या वलयात. सेंटरफायर (बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या मोठ्या काडतुसाच्या) पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या आखूड .२२मध्ये हे अंतर १२० मिमी असलं, तर त्याच १ मिमी चुकीला गोळी २०८ मिमी दूर जाते आणि दोन गुण पदरात पडतात. हात तोच, चूक तीच. म्हणून शिकायला लांब साइट आणि मागची साइट दोन्ही दिशांना टिकटिक करत सरकणारी हवी. स्वसंरक्षणासाठी बनवलेली हलकी, आखूड नळीची .२२ रिव्हॉल्व्हर सरावाला घेऊ नका. तिच्यावर नेम शिकणं म्हणजे ऑटोरिक्षात बसून सुईत दोरा ओवणं.

स्पर्धेचा विचार असेल तर बाकीच्या मर्यादा अशा: वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मिमी, आणि सगळं पिस्तूल ३००×१५०×५० मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे. ट्रिगर ठीक १००० ग्रॅमवर लावू नका. तपासणीत नळी उभी धरून वजन टांगतात. उन्हातून आल्यावर किंवा तेल बदलल्यावर थोडं इकडेतिकडे होतं. १०३० ते १०५० ठेवला की धाकधूक राहत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा: पहिला मऊ, दुसऱ्यावर भिंत लागल्यासारखं थांबणं, आणि भिंत काच फुटल्यासारखी स्वच्छ तुटणं. मधे वाळू घासल्यासारखं वाटलं तर दुसरं पिस्तूल बघा.

नावं सांगायची तर वॉल्थर जीएसपी १९६८पासूनचं जुनं आणि खडबडीत मशीन आहे. पार्डिनी एसपी आणि मोरिनी सीएम २२ आजच्या रेंजवर दिसतात, हॅमर्ली एक्स-एस्से सरावासाठी साधं आणि पुरेसं. अशी मॅच पिस्तुलं सहसा स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळीसाठी, म्हणजे साधारण सेकंदाला ३२० ते ३३० मीटरसाठी बनली आहेत. हाय व्हेलॉसिटी गोळी घातली की बोल्ट जोरात मागे आपटतो आणि भाग लवकर थकतात. रुगर मार्क ४ किंवा ब्राउनिंग बक मार्क दोन्ही प्रकारच्या गोळ्या खातात, पण त्यांचा कारखान्यातून आलेला ट्रिगर जड असतो. रुगरच्या बाबतीत मार्क ४ एका बटणात उघडता येतं. त्याआधीच्या पिढ्या साफ करून परत जोडताना भलेभले घाम गाळतात.

वापरलेलं पिस्तूल घेत असाल तर टॉर्च न्या. चेंबरच्या कडेवर, पिन पडते तिथे, चपटा डाग किंवा उठलेली कड दिसली तर आधीच्या मालकाने रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर ओढत राहिलेलं आहे. ती कड काडतूस नीट बसू देत नाही आणि रिकामं निघूही देत नाही. नळीतून बघताना मधे अंधारी कडी दिसली तर तिथे कधीतरी गोळी अडकून दुसरी मागून आली आहे, सोडून द्या. मॅगझीनचे ओठ वाकलेले नाहीत ना पाहा, किमान दोन मॅगझीन मागा आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं नळकांडं ओढून काढणारी नखी), फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंग भारतात कुठे मिळते ते विचारा. उत्तर ‘बघू’ आलं तर किंमत तशी धरा.

शेवटची कसोटी रेंजवर, मालक हजर असताना. तीन प्रकारची काडतुसं, प्रत्येकी ५०. दरेक अडथळा वहीत लिहा. रिकामं नळकांडं बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकलं तर गोळी कमजोर, मनगट ढिलं किंवा एक्स्ट्रॅक्टरची नखी मेणाने भरलेली. काडतूस वर चढताना अडलं तर मॅगझीन भरताना खालची रिम वरच्या रिमपुढे गेली असेल. पिन पडली पण गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडे ठेवूनच ३० सेकंद थांबा, मग काढा. खळगा उथळ असेल तर दोष पिस्तुलाचा, मळ किंवा थकलेली स्प्रिंग. खळगा खोल असेल तर दोष गोळीचा. आवाज ‘फुस्स’ आला तर पुढची गोळी मुळीच नको, नळी रिकामी आहे हे आधी बघा. १५० गोळ्यांत ज्या काडतुसाचा एकही अडथळा नाही ते घ्या, गट, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, थोडा मोठा आला तरी. एकाच लॉटची ५०० किंवा हजार घेऊन ठेवली की साइट पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागत नाहीत.

घरच्या सरावासाठी पिस्तुलाला ड्राय-फायरची, म्हणजे गोळीविना ट्रिगर ओढायची, सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, हवी. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा भिंतीतला प्लॅस्टिकचा गुट्टा योग्य मापाचा निघाला तर तोही काम करतो. झाडलेलं नळकांडं वापरायचं तर दर वेळी थोडं फिरवा, नाहीतर पिन आधीच्याच खळग्यातून सरळ चेंबरच्या कडेवर जाते. जिवंत काडतुसं तोवर दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आणि नागपूरचा उन्हाळा. नवतप्यात बंद गाडीच्या डिक्कीत काडतुसं ठेवली तर गोळीवरचं मेण वितळून उतरतं, नळीत शिसं चढतं आणि दुपारचा गट विस्कटतो. मग माणूस साइट फिरवत बसतो. काडतुसं पिशवीत, अंगाजवळ, सावलीत न्या. दुसरा चोर घरातच आहे: डेझर्ट कूलर. कूलर चालणाऱ्या खोलीतल्या कपाटात पिस्तूल ठेवलं तर जूनपर्यंत बोल्टवर तांबूस ठिपके दिसतात. फोमच्या केसमध्ये कायमचं ठेवू नका, तेलाचा हलका हात फिरवा आणि सिलिका जेलच्या पुड्या पंधरा दिवसांनी बदला. तेल जास्तही नको, मे महिन्यातली धूळ त्यात बसून कानसेचं काम करते. नळी रोज घासायची गरज नाही. चेंबर, बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरची नखी मात्र दर रेंजनंतर जुन्या टूथब्रशने साफ करा.