दागोनाच्या मंदिरातील दोन सकाळी : १ शमुवेल ५ चा अभ्यास कसा करावा

पलिष्ट्यांच्या अश्दोद नगरातील मंदिरात पालथ्या पडलेल्या त्यांच्या दागोन ह्या दैवताची गोष्ट आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेली असते, आणि ती माहीतच आहे असे वाटत असल्यामुळे पुढे घरी किंवा अभ्यासगटात ती नीट वाचली जात नाही. खोट्या दैवतांवरील परमेश्वराची सत्ता इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा भाग मला पवित्र शास्त्रात आढळलेला नाही. म्हणून त्यासाठी दीड तास तरी राखून ठेवावा.

सुरुवात पाचव्या अध्यायाने करू नये. आधी चौथा मोठ्याने वाचावा. पलिष्ट्यांशी झालेल्या पहिल्या लढाईत इस्राएलाची सुमारे ४,००० माणसे पडतात, तेव्हा वडीलजन परमेश्वराला विचारत नाहीत, तर कराराचा कोश, म्हणजे परमेश्वराच्या उपस्थितीची खूण असलेली पवित्र पेटी, आपल्याला वाचवील ह्या भरवशावर तो शिलोहून रणभूमीवर आणवतात. त्यानंतर ३०,००० पायदळ पडते, कोश शत्रूच्या हाती जातो, शिलोचा याजक एली ह्याचे दोन्ही मुलगे मारले जातात आणि ९८ वर्षांचा एली ती बातमी ऐकून आसनावरून मागे कोसळतो व मान मोडून मरतो. येथे थांबून गटाला एकच प्रश्न विचारावा : त्या दिवशी इस्राएल लोक कोशाशी ज्या रीतीने वागले, ती पलिष्ट्यांच्या रीतीहून खरोखर वेगळी होती काय? माझ्या मते सगळ्या अभ्यासाचे मर्म ह्या प्रश्नात आहे, म्हणून त्याच्या उत्तराची घाई करू देऊ नये.

मग पाचव्या अध्यायाची पहिली पाच वचने सावकाश वाचावीत आणि मंदिरात कोण कोण आहे हे पेन्सिलीने टिपून घ्यावे. इस्राएलातला याजक तेथे नाही, संदेष्टा नाही, सैनिक नाही; कोणी प्रार्थनाही करत नाही. लुटीतली वस्तू म्हणून कोश दागोनाशेजारी ठेवलेला आहे, एवढेच. पहिल्या सकाळी दागोन कोशापुढे जमिनीवर पालथा पडलेला दिसतो आणि लोक त्याला उचलून पुन्हा त्याच्या जागी ठेवतात. हे अर्धे वाक्य दोनदा वाचावे, कारण ज्याने भक्तांना उचलायचे त्यालाच भक्तांना उचलावे लागते. दुसऱ्या सकाळी त्याचे डोके आणि दोन्ही हातांचे पंजे तुटून उंबरठ्यावर पडलेले असतात व मागे धड तेवढे उरते. हे रणांगणावरचे चित्र आहे. इजिप्तमध्ये मेदिनत हाबू येथील रामसेस तिसरा ह्याच्या मंदिराच्या भिंतींवर पडलेल्या शत्रूंचे तोडलेले हात मोजणारे लेखनिक कोरलेले आहेत. त्यावरून मूळ श्रोत्यांना ह्या तुटलेल्या पंजांचा अर्थ किती चटकन कळला असेल ह्याची कल्पना येते.

पंजे तुटल्यावर लगेच सहाव्या वचनात परमेश्वराचा हात अश्दोदकरांवर जड झाल्याचे येते. ‘जड’ आणि ‘गौरव’ हे दोन्ही शब्द हिब्रूत एकाच धातूपासून आले आहेत. एलीच्या सुनेने मरता मरता बाळाचे नाव ईखाबोद ठेवले होते, कारण इस्राएलातून गौरव निघून गेले असे तिला वाटले. तेच गौरव आता अश्दोदमध्ये भार होऊन उतरते. हा धागा भाषांतरात हरवतो, म्हणून गट चालवणाऱ्याने तो स्वतः सांगावा.

मुलांना माशाच्या शेपटीचा दागोन दाखवू नये. वचनात मासा कोठेही नाही. सीरियातील मारी आणि उगारीत ह्या प्राचीन नगरांच्या लेखांत ‘दागान’ हे दैवत येते, आणि हिब्रूत ‘दागान’ म्हणजे धान्य.

जोडवचने थोडीच घ्यावीत. निर्गम १२:१२ मध्ये इजिप्तच्या सर्व दैवतांचा न्याय करण्याची घोषणा आहे, आणि १ शमुवेल ६:६ मध्ये पलिष्ट्यांचेच याजक व दैवज्ञ इजिप्तचा राजा फारो ह्याची आठवण काढतात. यशया ४६ मध्ये बेल आणि नबो ही बाबेलची दैवते जनावरांच्या पाठीवर ओझे होऊन बंदिवासात जातात, तर परमेश्वर आपल्या लोकांना जन्मापासून म्हातारपणापर्यंत स्वतः वाहून नेतो. हे वाचल्यावर १ शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात पलिष्टी कोश परत धाडतात, तेथील दोन दुभत्या गाई पाहाव्यात. वासरे घरी कोंडलेली, हाकणारा कोणी नाही, तरी त्या हंबरत, डावीउजवीकडे न वळता, कोशाची नवी गाडी सरळ इस्राएलातील बेथ-शेमेशला नेतात.

ह्या अध्यायाच्या आधारे शेजाऱ्यांच्या देवघराविषयी कोणी हलके बोलू लागले, तर गट चालवणाऱ्याने नम्रपणे पण स्पष्टपणे थांबवावे. दागोनाला पाडायला कोणत्याही माणसाने हात लावलेला नाही, तशी आज्ञाही कोणाला झालेली नाही. शिवाय कोश परत येताच खुद्द बेथ-शेमेशची माणसे मरतात, ती इस्राएली असूनही. ह्या पवित्र देवासमोर कोण उभे राहू शकेल, असे ६:२० मध्ये तेच विचारतात. त्या वचनाशी वाचन थांबवावे आणि प्रार्थनेआधी काही मिनिटे कोणीही बोलू नये.