प्रकल्पासाठी मातीचा नमुना
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची जांभ्याची लाल माती आणि अथणीची काळी यांची तुलना हा कॉलेजच्या प्रकल्पाला चांगला विषय. मात्र काम बिघडतं ते बहुधा शिवारातच.

शेतात नागमोडी चालत 15-20 ठिकाणी व्ही आकाराचे 15-20 सेंमी खोल खड्डे घ्या. कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. माती भरायला खताची रिकामी पोती तर नकोच, तपासणीचे आकडे फुगतात. माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून 2 मिमी चाळणीतून गाळा.

सामूसाठी (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली ते) 10 ग्रॅम मातीला 25 मिली ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी. पीएच मीटर आधी बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणावर) लावून घ्या. चिठ्ठीवर सर्व्हे नंबर पेन्सिलनेच लिहा. ओलीत शाई पसरते.