मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा करार: मसुद्यावर सूचना कशी तयार करावी

वंशसंहारावर 1948 पासून करार आहे, युद्धातल्या अत्याचारांवर 1949 चे जिनिव्हा करार आहेत. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर, म्हणजे नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्यातल्या हत्या, छळ अशा कृत्यांवर, मात्र असा स्वतंत्र करार अजून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने (कायदेतज्ज्ञांचं मंडळ) 2019 मध्ये 15 कलमं आणि एक परिशिष्ट असा मसुदा पूर्ण केला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 2024 च्या ठरावाने हा करार ठरवण्यासाठी 2028 आणि 2029 मध्ये प्रत्येकी तीन आठवड्यांची परिषद ठरवली. ठाणे, कळवा, वाशी, बेलापूर इथले वकील आणि विधीचे विद्यार्थी मिळून या मसुद्यावर नेमकी सूचना लिहू शकतात.

सहा-आठ जणांचा गट पुरे. प्रत्येकाने दोन कलमं घ्यावीत. ए-3 कागदावर तीन रकाने आखा: डावीकडे 2019 चा मसुदा, मध्ये ज्या करारावरून ते कलम बेतलं आहे तो मजकूर, उजवीकडे तुमचा बदल. मधला रकाना कधीही रिकामा सोडू नका. अधिकारक्षेत्र आणि तपासाच्या कलमांसाठी 1984 चा छळविरोधी करार व 2006 चा सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा करार पाहा, प्रत्यार्पण व परस्पर साहाय्यासाठी 2003 चा भ्रष्टाचारविरोधी करार. जो मजकूर देशांनी दुसरीकडे आधीच मान्य केला आहे, त्याला विरोध करणं त्यांना अवघड जातं.

वाचन कलम 2 पासून सुरू करू नका. त्यातली गुन्ह्याची व्याख्या रोम संविधीच्या (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणारा करार) कलम 7 वरून जवळपास तशीच घेतली आहे, आणि गट तिथेच नवे गुन्हे जोडत बसतात. व्याख्या फार बदलली तर रोम संविधी मानणाऱ्या देशांना दोन वेगळ्या व्याख्या सांभाळाव्या लागतील. रोम संविधी व्यक्तीला न्यायालयासमोर उभं करते. या कराराने देशांना एकमेकांशी बांधायचं आहे. ते काम कलम 6 ते 10 करतात, म्हणून सर्वाधिक वेळ तिथे द्या.

कलम 6 नुसार हा गुन्हा प्रत्येक देशाच्या फौजदारी कायद्यात आला पाहिजे. आपल्याकडे हे किती गरजेचं आहे ते दिल्ली उच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2018 रोजी 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं: असा गुन्हा आपल्या कायद्यात नाही आणि ही पळवाट बुजवली पाहिजे. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आलेला नाही. कलम 6 पदामुळे जबाबदारी टळत नाही असं म्हणतं, पण पदाधिकाऱ्याला अटकेपासून मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल गप्प आहे. ही पोकळी हेरून त्यावर लिहा. कलम 10 मध्ये संशयित आपल्या भूमीवर सापडला तर प्रकरण खटल्यासाठी सोपवा किंवा त्याला दुसऱ्या देशाकडे वा न्यायालयाकडे द्या, असं बंधन आहे. इथे ‘शक्य तिथे’ असा शब्द घुसला की बंधनच विरघळतं. तुमच्या सूचनेतही तो येऊ देऊ नका.

कलम 15 नुसार वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातो, पण देशाला त्यातून बाहेर राहण्याची मुभा आहे. वंशसंहार करारातल्या अशाच कलमावर भारताने राखीव अट (करार मानताना एखादं कलम आपल्याला जसंच्या तसं लागू नाही असं नोंदवणं) घातली आहे, तेव्हा सरकारची भूमिका धरूनच युक्तिवाद बांधा.

मसुद्यात अंतिम तरतुदीच नाहीत: किती देशांच्या मान्यतेने करार लागू होईल, राखीव अटी चालतील का, पालन कोण तपासेल. वंशसंहार व छळविरोधी करारांना 20 मान्यता लागल्या, रोम संविधीला 60. नव्या सूचनेला इथे खरी जागा आहे.

बदल लिहिताना काढायचा मजकूर खोडून दाखवा, नवा अधोरेखित करा आणि खाली पाच ओळींत कारण द्या. एका कागदावर एकच कलम. परिषदेत प्रस्ताव देशच मांडतात, त्यामुळे सूचना विदेश मंत्रालयाच्या विधी व करार विभागाला इंग्रजीत पाठवा आणि मराठी प्रत आपल्या खासदाराला द्या, सोबत लोकसभेत विचारता येईल असा एक तयार प्रश्न जोडून.