दवाखान्यातली डिजिटल साधनं: या चुका टाळा

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात आणि ते वापरायला शिकण्यासाठी मात्र एक दुपारही काढत नाहीत. प्राथमिक उपचाराच्या दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरांना मी शिकवते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांचा त्रास पेशंटला होतो, म्हणून हे लिहीत आहे.

औषध शेऱ्याच्या चौकटीत टाइप करणे

माझ्या मते ही सगळ्यात घातक सवय आहे, कारण तिच्यामुळे काही बिघडलंय हे कळतच नाही. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये औषध दोन ठिकाणी लिहिता येतं: ठरलेल्या यादीतून निवडून, किंवा ‘शेरा’, ‘इतर’ अशा मोकळ्या चौकटीत टाइप करून. मोकळी चौकट भराभर भरते, म्हणून घाईतला माणूस तिकडे वळतो. पण दोन औषधांचं आपसात जमत नाही, तेच औषध दोनदा लिहिलंय, पेशंटला त्याची ॲलर्जी आहे, हे सगळं सॉफ्टवेअर यादीतून निवडलेल्या औषधांवरूनच तपासतं. शेऱ्यातला मजकूर त्याच्या लेखी कोरा कागद.

एका दवाखान्यात साठीतल्या एक बाई चक्कर येते म्हणून आल्या. नुकत्याच रुग्णालयातून घरी आलेल्या. नाडी ४४. स्क्रीनवर त्यांचं जुनं औषध दिसत होतं, हृदयाचे ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉल, एका कंपनीच्या ब्रँडनावाने. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावरचं नवं औषध आधीच्या भेटीत एका तरुण डॉक्टरने शेऱ्यात टाइप केलं होतं, दुसऱ्याच ब्रँडनावाने. तेही मेटोप्रोलॉलच. बाई दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होत्या. एक पांढरी, एक गुलाबी, मग दोन्ही एकच असतील असं त्यांना का वाटावं? ईसीजीत ठोके मंद होते, पण लय नियमित होती. जादाची गोळी थांबवली आणि काही दिवसांत चक्कर गेली. तरुण डॉक्टरचं म्हणणं होतं, “मॅडम, सॉफ्टवेअरने काहीच इशारा दिला नाही.” मी म्हटलं, “अरे, तू त्याला औषध सांगितलंच नाहीस, तर ते इशारा कशावरून देणार?”

मी असं करते. रुग्णालयातून परतलेल्या पेशंटला औषधांची पिशवी घेऊन यायला सांगते आणि ती टेबलावर रिकामी करायला लावते. प्रत्येक पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव वाचते, ब्रँडचं नाही, आणि त्याच नावाने यादीत शोधते. जे बंद केलं ते यादीतून काढते आणि का काढलं ते लिहिते. याला वेळ लागतो. ज्यांना तो द्यायचा नाही, त्यांनी निदान ‘सॉफ्टवेअरने तपासलंय’ असं पेशंटला सांगू नये.

ॲलर्जीचंही तसंच. नुसतं ‘पेनिसिलिन’ लिहून पुढे जाऊ नका; अंगावर पित्त उठलं, धाप लागली की नुसतं मळमळलं, ते लिहा. मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे, पण एकदा तसा शिक्का बसला की माणसाला पुढे आयुष्यभर दुय्यम अँटिबायोटिक मिळत राहतं.

इशारा न वाचता बंद करणे

औषधांबाबतचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं होतं. दोष एकट्या डॉक्टरचा नाही. क्षुल्लक गोष्टीला आणि जिवावरच्या गोष्टीला एकाच रंगाची चौकट आली तर बोट आपोआप ‘बंद करा’वर जातं. सॉफ्टवेअरवाल्यांकडून खालच्या पातळीचे इशारे बंद करून घ्या. आणि उरलेल्या इशाऱ्यांनी ‘कारण’ विचारलं की तिथे टिंब टाकून पुढे जाऊ नका. तो रकाना उद्या तुमच्या जागी बसणाऱ्या डॉक्टरसाठी आहे.

बीपीच्या मशीनवर डोळे मिटून विश्वास

ऑटोमॅटिक मशीन स्टेथोस्कोपसारखे आवाज ऐकत नाही. कफमधली, म्हणजे दंडाला गुंडाळतात त्या पट्ट्यातली, हवा उतरत असताना तिच्यात उमटणारी स्पंदनं ते टिपतं आणि वरचा-खालचा आकडा कंपनीने बसवलेल्या गणितातून काढतं. हे ठाऊक असलं की बाकीच्या चुका आपोआप समजतात. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या विकारात ठोके अनियमित असतात, तेव्हा या गणिताचा पायाच डळमळतो. म्हणून आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहा. अनियमित लागली तर पुन्हा पुन्हा मोजा आणि एकदा स्टेथोस्कोप लावून हाताने मोजून ताडून पाहा.

कफचं माप हा तर माझा जुना वाद आहे. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. पण मशीनबरोबर जो एक कफ आला, तोच सगळ्यांच्या दंडाला गुंडाळला जातो. २०२३ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा कफ बांधला तर वरचा आकडा सुमारे ५ ने, आणि सर्वांत मोठा कफ लागणाऱ्यांचा जवळजवळ २० ने जास्त आला. वीस! म्हणजे १२५ असलेल्या माणसाच्या फाइलवर १४५ लिहायचं आणि गोळी सुरू करायची. मी टेबलाच्या खणात मोजपट्टी ठेवते. दंडाचा घेर एकदा मोजून फाइलवर लिहिला की पुढच्या वेळी नर्सला विचारावंही लागत नाही.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, हात हृदयाच्या पातळीवर. शर्टाच्या बाहीवरून कफ नको. आणि कृपा करून मशीन चालू असताना पेशंटला तब्येतीचे प्रश्न विचारू नका. बोलण्यानेच आकडा वर जातो. पेशंट घरी मोजून आणतो तेव्हा मर्यादा १४०/९० नव्हे, १३५/८५ धरायची, हेही अनेकांना माहीत नसतं.

बाकीचं थोडक्यात

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर कधीकधी खरं असतं त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो. अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून हे २०२० मध्ये ठळकपणे पुढे आलं. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्यातही तो खुशाल ९८ दाखवेल. म्हणून श्वासही मोजा, पूर्ण एक मिनिट.

ग्लुकोमीटर: आधी हात धुवायला सांगा. फळ सोललेल्या बोटाची साखर वाढलेलीच दिसते.

ईसीजी मशीनने छापलेलं निदान कागदावरचा आलेख स्वतः वाचून झाल्यावर पाहा. ‘लीड १’ (दोन हातांमधली नोंद) उलटी दिसली तर आधी दोन्ही हातांच्या वायरी तपासा, मग हृदयाला दोष द्या.

जोखीम सांगणारे कॅल्क्युलेटर: काही साधनं रिकाम्या रकान्यात सरासरी आकडा गृहीत धरतात. कोलेस्टेरॉल न तपासताही मग ‘जोखीम’ छापून येते. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टर वापरतात त्या एका प्रणालीत हृदयविकाराच्या जोखमीचं गणितच चुकत असल्याचं उघड झालं होतं. आकडा आणि समोरचा माणूस जुळत नसतील, तर भरलेली माहिती एकेक करून पाहा.

मागच्या भेटीची तपासणी कॉपी करू नका. जे आज तपासलं नाही ते आज लिहायचं नाही. यावर मला चर्चाही नको.

बोलण्यावरून आपोआप नोंद लिहिणारी साधनं आता आली आहेत. संगणकात डोकं घालून बसण्यापेक्षा पेशंटकडे पाहता येतं, म्हणून मला ती आवडतात. पण न बोललेली वाक्यंही ती लिहितात. आवाजाचा मजकूर करणाऱ्या एका प्रसिद्ध मॉडेलबाबत २०२४ मध्ये सुमारे एक टक्का नमुन्यांत असं आढळलं. नोंद पेशंट खोलीत असतानाच वाचा, औषधाचं नाव आणि मात्रा त्याला मोठ्याने वाचून दाखवा, तो “नाही हो डॉक्टर, डाव्या नव्हे, उजव्या गुडघ्यात” म्हणाला की तिथेच दुरुस्त करा, मगच सही.

आणि यंत्रणा बंद पडेल त्या दिवसासाठी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा खणात ठेवा. नित्याचे आजार, चालू औषधं आणि ॲलर्जी यांचे रकाने त्यावर आधीच छापलेले असावेत, आणि यंत्रणा सुरू झाल्यावर त्या फॉर्मवरची माहिती तिच्यात कोण भरणार त्याचं नाव भिंतीवर लिहिलेलं असावं. नाव नसलं की तो गठ्ठा तसाच पडून राहतो.