महाविद्यालयीन कबड्डीपटूची पारख : व्यावसायिक लिलावापूर्वी निरीक्षण कसे करावे

प्रो कबड्डी लीगच्या लिलावात एखाद्या खेळाडूचा भाव काही क्षणांत ठरतो. परंतु ज्या टिपणांच्या भरवशावर संघ बोली लावतात, ती टिपणे त्याआधीचे कित्येक महिने आंतरमहाविद्यालयीन सामने, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि गावोगावच्या प्रकाशझोतातील स्पर्धा पाहून तयार झालेली असतात. पुण्यात राहून हा अभ्यास करणाऱ्याची सोय चांगली आहे. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात लीगचे सामने झाले आहेत, अकराव्या हंगामाचा अंतिम सामनाही २९ डिसेंबर २०२४ रोजी तेथेच झाला. आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर व नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये येत असल्यामुळे भिन्न घडणीचे खेळाडू एकाच स्पर्धेत पाहायला मिळतात. संघासाठी खेळाडू हेरू इच्छिणाऱ्या तरुणांनी, तसेच आपल्या मुलांना पुढे धाडू पाहणाऱ्या महाविद्यालयीन क्रीडा संचालकांनी निरीक्षण कोणत्या पद्धतीने करावे, ते येथे मांडले आहे.

खेळाडू लीगपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो हे आधी समजून घ्यावे, कारण त्यावर आपल्या कामाचे वेळापत्रक ठरते. पूर्वी लीग न खेळलेल्या तरुणांना संघ ‘न्यू यंग प्लेअर’ या योजनेखाली करारबद्ध करतात. म्हणजे त्यांच्याबाबतचा निर्णय बहुधा लिलावाच्या दिवसाआधीच झालेला असतो. दुसरी वाट लिलावाच्या यादीतून जाते. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन संघांतील २४ खेळाडूंचा समावेश अलीकडच्या लिलावांच्या यादीत केला गेला आहे. लिलावात अ, ब, क आणि ड असे चार गट असून त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये अशा राहिल्या आहेत, तर प्रत्येक संघाची एकूण थैली ५ कोटींची. दोन-तीन मोठी नावे घेतली की थैली रिकामी होऊ लागते आणि मग ९ लाखांचा खेळाडू अचूक निवडता येणे यालाच खरी किंमत येते.

गुण नोंदवू नका, प्रसंग नोंदवा

सामना संपल्यावर हाती येणारा गुणतक्ता कबड्डीत फार फसवा असतो, आणि या संपूर्ण लेखातील हाच मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. एखाद्या चढाईपटूने २० चढायांत १२ गुण मिळवले, असे समजा. वहीत प्रत्येक चढाईची स्वतंत्र ओळ असेल तर या १२ गुणांची फोड करता येते. त्यांतील ५ बोनसचे निघाले, ४ गुण समोर दोन किंवा तीनच बचावपटू उरलेले असताना मिळाले आणि भरल्या बचावातून टिपलेले गडी केवळ तीन, असे दिसले, तर हा खेळाडू तक्त्यात दिसतो तेवढा मोठा नाही. याउलट ८ गुण मिळवणाऱ्याने त्यांतील ६ गुण समोर सहा-सात जण उभे असताना हाताने किंवा पायाने गडी टिपून मिळवले असतील, तर त्याच्या नावाखाली रेघ ओढावी.

म्हणून प्रत्येक चढाईच्या ओळीत पुढील गोष्टी लिहाव्यात: समोर किती बचावपटू होते, गुणफलक काय होता, सामन्याची किती मिनिटे उरली होती, ती संघाच्या सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी म्हणजे ‘करो या मरो’ची चढाई होती का, गुण कोणत्या कौशल्याने मिळाला, बाद झालेला गडी कोपऱ्यातला होता की मध्यरक्षक, आणि चढाईपटू मध्यरेषेवर सुखरूप परतला का. बचावपटूंची संख्या सर्वांत आधी लिहावी. बोनस रेषा ओलांडण्याचा गुण समोर किमान सहा बचावपटू असतानाच मिळतो आणि तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना केलेल्या पकडीला अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. परिणामी दुबळ्या संघातील बचावपटूला अव्वल पकडीची संधी वारंवार चालून येते आणि बलाढ्य संघातील चढाईपटूला अर्धे रिकामे झालेले मैदान आयते सापडते. हे दोन्ही आकडे कौशल्यापेक्षा संघाची स्थिती अधिक सांगतात.

रिकाम्या, म्हणजे गुण न मिळता आणि बाद न होता संपलेल्या, चढाईचा हिशोबही असाच काळजीपूर्वक करावा. चढाई ३० सेकंदांची असते. आपला संघ चार गुणांनी पुढे असताना आणि शेवटची दोन मिनिटे उरली असताना जो चढाईपटू पूर्ण ३० सेकंद दम घालत, ‘निदान रेषा’ (चढाईपटूने ओलांडलीच पाहिजे अशी रेषा) रीतसर ओलांडून, अंगाला हात लागू न देता परत येतो, त्याने संघाचे मोठेच काम केलेले असते. तक्त्यात मात्र त्याच्यापुढे शून्य पडते. तोच खेळाडू संघ मागे असताना पहिल्या दोन चढाया रिकाम्या घालवून तिसरीचे ओझे दुसऱ्यावर ढकलत असेल, तर तेही नोंदवावे, कारण महाविद्यालयीन संघांत ज्येष्ठ खेळाडू हे करताना हमखास दिसतात आणि त्यांचा तक्ता मात्र स्वच्छ राहतो. ‘करो या मरो’च्या चढायांची बेरीज यासाठीच वेगळी ठेवावी.

मोबाइलवर फिरणाऱ्या झटपट चित्रफितींवर विसंबू नये. त्यांत प्रत्येक जण अजिंक्य असतो. स्वतः चित्रण करावयाचे असल्यास मोबाइल मध्यरेषेच्या सरळ रेषेत, शक्यतो गॅलरीच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे दोन्ही अंगणे दिसतात. बचावाच्या साखळीचा (हात धरून उभ्या बचावपटूंचा) अभ्यास करावयाचा असेल तर अंतिम रेषेच्या मागून घेतलेले चित्रण अधिक उपयोगी पडते.

चढाईपटू

चढाईपटूकडे पाहताना पहिली दहा सेकंदे त्याच्या हातांकडे पाहण्याचा मोह टाळून पायांकडे पाहावे. तो कोणत्या बाजूने आत जातो, वजन कोणत्या पायावर ठेवतो, कोपरारक्षक पुढे सरकला की त्याचा मागचा पाय जमिनीवर असतो की हवेत, यावरून त्याला घोट्यात पकडणे किती सोपे आहे ते कळते. बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवताना दुसरा पाय उचललेला असावा लागतो. त्या क्षणी तोल सांभाळण्याची ज्याची सवय पक्की आहे, तो वरच्या स्तरावरही बोनस काढू शकतो. ज्याला केवळ एकाच बाजूने चढाई जमते, त्याची कोंडी अभ्यासू प्रशिक्षक पहिल्या पाच मिनिटांत करतील, हे गृहीत धरावे.

कौशल्यांची संख्या मोजण्यापेक्षा कोणते कौशल्य कशाच्या उत्तरादाखल आले ते पाहावे. बचावाची साखळी उंच धरलेली दिसताच डुबकी मारणारा (हातांखालून वाकून निसटणारा) आणि साखळी खाली बसली की उडी घेणारा खेळाडू वाचून खेळतो. दर तिसऱ्या चढाईला डुबकी मारणारा पाठांतर करून खेळतो. चढाई करून परतलेला खेळाडू बचावात कोठे उभा राहतो आणि काय करतो, हेही चुकवू नये. कित्येक चढाईपटू कोपऱ्याशेजारच्या जागी नुसते उभे असतात आणि प्रतिस्पर्धी त्यांच्यावरच चढाया चालवतात.

बाद न होता परतण्याचे प्रमाण हा चढाईपटूसाठी मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा आकडा आहे. एकूण चढायांपैकी किती वेळा तो सुखरूप परतला, एवढे साधे गणित आहे. परंतु मुख्य चढाईपटू बाकावर बसला की संघाची लय जाते आणि लोण चढण्याची (सगळा संघ बाद होण्याची) भीती वाढते, म्हणून या आकड्याला गुणांइतकेच वजन द्यावे. मैदानाच्या कडेच्या राखीव पट्टीत स्पर्शाविना पाऊल टाकून स्वतःहून बाद होण्याचे प्रकार वेगळ्या खुणेने नोंदवावेत.

बचावपटू, जे पारखणे अधिक अवघड

पकडीचा गुण तक्त्यात एकाच्याच नावावर पडतो, पण पकड क्वचितच एकट्याची असते. कोपरारक्षकाने घोटा धरला आणि मध्यरक्षकाने क्षणार्धात येऊन डॅश (धडक) मारली नसती तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावून गेला असता, अशा पकडीत मध्यरक्षकाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. यासाठी वहीत ‘मदत’ असा एक स्तंभ ठेवावा. एका सामन्यात शून्य गुण आणि सहा मदती असलेला मध्यरक्षक आढळला, तर त्याचा पुढचा सामना अवश्य पाहावा. असे खेळाडू स्वस्तात मिळतात.

पकडीचे प्रयत्न आणि यशस्वी पकडी यांचे प्रमाण काढावे. निम्मे प्रयत्न यशस्वी होत असतील तर ते चांगले समजावे, मात्र अयशस्वी प्रयत्न कोणत्या वेळी झाले ते पाहणे अधिक उद्बोधक ठरते. रिकामी चढाई जवळपास पदरात पडलेली असताना, चढाईपटू मागे वळलेला असताना त्याच्या पाठीवर झेप घेणारा बचावपटू हा तरुण वयातला नेहमीचा नमुना आहे. घाई प्रशिक्षणाने सुटू शकते. भीती सुटणे कठीण. म्हणून पहिली पकड फसल्यानंतर त्याच खेळाडूची पुढची तीन चढायांमधील हालचाल बारकाईने पाहावी: तो मागच्या रेषेला चिकटतो, की आपले अंतर राखून पुन्हा संधीची वाट पाहतो?

कोपऱ्यांची जोडी जोडी म्हणूनच अभ्यासावी. डाव्या कोपऱ्यातील खेळाडू उत्तम दिसतो तो कित्येकदा उजव्या बाजूने चढाईपटूला त्याच्याकडे हाकलले जात असल्यामुळे. दोघांपैकी एक बाद असताना दुसरा कसा खेळतो, एवढे पाहिले तरी उत्तर मिळते.

शरीर, वजन आणि मैदान

अमेरिकन फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची ४० यार्डांची धाव घड्याळावर मोजली जाते, तरी जाणकार पहिल्या १० यार्डांची वेळ वेगळी काढतात. कबड्डीत तर पूर्ण धावच तेवढी नसते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एका बाजूचे अंगण साडेसहा मीटरचे. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा ४.७५ मीटरवर असते. त्यामुळे १०० मीटरच्या वेळेला येथे अर्थ नाही. पाच मीटर जाऊन, वळून, परत येण्याची वेळ मोजावी आणि ती चाचणी थकव्यानंतर पुन्हा घ्यावी. उंची व वजनासोबत दोन्ही हात पसरून मापही घ्यावे.

वजनाचा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कुमार गटात ७० किलोंची मर्यादा असते, तर वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोंची. कुमार गटात अंगावरचा बचावपटू झटकून परतणारा मुलगा वरिष्ठांच्या साखळीत तसाच सुटेल, असे मानू नये. त्याने वरिष्ठ गटातील एखादा सामना खेळला असल्यास तोच पाहावा. त्याचबरोबर मनगटे, खांदे आणि घरातील मोठ्यांची ठेवण पाहून आणखी सात-आठ किलो वजन चपळाई न गमावता पेलता येईल का, याचा अंदाज बांधावा.

मातीवर घडलेल्या खेळाडूचे मूल्यमापन मॅटवर पाहिल्याशिवाय पूर्ण करू नये. मातीत अनवाणी पायांची पकड वेगळी, मॅटवर बुटांची वेगळी. मॅटवर खेळ वेगवान होतो आणि झेप घेऊन पकड करणाऱ्याला पडण्याची भीती कमी वाटते. ग्रामीण भागातील कित्येक मुलांना मॅट केवळ स्पर्धेपुरती लाभते, म्हणून त्यांच्या पहिल्या सामन्यावरून निकाल देण्याची घाई करू नये, दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात पाय बसतात.

दुखापतींची माहिती संकोच न करता विचारावी. गुडघा, खांदा आणि घोटा या तीन जागा मुख्य. सिद्धार्थ देसाईने सहाव्या हंगामात यू मुंबाकडून चढाईत २१८ गुण मिळवले, पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १.४५ कोटी रुपये लावले, आणि आठव्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसवले. इतका बलवान खेळाडूही त्यातून सुटत नाही. मुलाला थेट विचारल्यास तो सर्व ठीक असल्याचेच सांगेल, म्हणून त्याच्या प्रशिक्षकांना, “सर, गेल्या मोसमात हा कोणते सामने खेळला नाही?” असा साधा प्रश्न करावा. जन्मदाखला, व्यायामशाळेत घेतले जाणारे पूरक पदार्थ आणि उत्तेजक चाचणीचे नियम यांबाबतही याच वेळी बोलून घ्यावे.

अहवाल आणि किंमत

किमान तीन सामने, त्यांतील एक तोडीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आणि एक हरलेला, पाहिल्याखेरीज अहवाल लिहू नये. पहिल्या फेरीतील एकतर्फी सामन्यांचे आकडे सरळ वगळावेत. अहवालात खेळाडू कोणत्या संघात, कोणाच्या शेजारी, कोणत्या जागी खेळेल हे लिहिले नसेल, तर तो संघाच्या उपयोगाचा नाही. पुणेरी पलटणचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांनी आठव्या हंगामात याच संघातून पदार्पण केले; दहाव्या हंगामासाठी २.३५ कोटी रुपये मोजून मोहम्मदरझा शादलूईला बचावासाठी आणले गेले, त्याने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून संघाने विजेतेपद घेतले. त्या अंतिम सामन्यात पंकज मोहितेच्या एका चढाईने चार गुण दिले होते. महागडी खरेदी पेलली ती आधीपासून तयार असलेल्या तरुणांमुळे.

अहवालाची भाषा साधी आणि तपासता येईल अशी असावी. उदाहरणादाखल: “उजवा कोपरा, वय २०, वजन ७४ किलो. चार सामन्यांत पकडीचे २६ प्रयत्न, १३ यशस्वी, ५ मदती. घोट्याची पकड पक्की, मांडीला हात घालताना उशीर. डावा कोपरा बाद असताना पुढे येत नाही. मॅटवर एकच स्पर्धा खेळलेला. डाव्या गुडघ्याला पट्टी, कारण विचारणे बाकी. तरुण खेळाडू म्हणून करार करावा. उघड बोलीत ड गटाच्या मूळ किमतीपुढे जाऊ नये.” खाली पाहिलेल्या सामन्यांच्या तारखा, मैदान मातीचे होते की मॅटचे, आणि प्रतिस्पर्धी संघांची नावे लिहावीत, म्हणजे दुसऱ्या निरीक्षकाला तेच चित्रण काढून आपले म्हणणे पडताळता येते.