माटोळी बांधताना मान धरली? या चुका टाळा

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात फोंड्याच्या घरी मी दोन तास स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधत होतो. मान वर, हात वर, एका हातात सुपारीचा घोस, दुसऱ्यात दोरी. रात्री काही जाणवलं नाही. सकाळी कुणीतरी हाक मारली म्हणून वळलो आणि मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत कळ गेली.

शेजारचे काका म्हणाले, "एक झटका दिला की मोकळी होते." मी मान त्यांच्या हाती दिली. संध्याकाळपर्यंत ती दोन्ही बाजूंना वळेना. कळकळीने सांगतो, ही चूक करू नका. लचकलेल्या स्नायूचे तंतू ताणलेले किंवा बारीक फाटलेले असतात आणि त्यांना जपायला आजूबाजूचे स्नायू आखडतात. झटक्याने तेच तंतू पुन्हा ओढले जातात. कट् आवाज आला म्हणजे काही जागेवर बसलं, असं नसतं. पहिले दोन दिवस रगडून मालिशही नको.

पहिले 48 तास बर्फ टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं लावा, दिवसातून तीन-चारदा. मग गरम शेक घ्या. आपल्याकडे पहिल्याच तासाला गरम पाण्याची पिशवी येते, ती थोडी थांबू द्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे मान अजिबात न हलवणं. पट्टा बांधून आठवडाभर पडून राहिलात तर मान आणखी आखडते. हनुवटी हळूच छातीकडे, मग डावीकडे, उजवीकडे, दुखायला लागेल तिथपर्यंतच, दिवसातून काही वेळा. रात्री पालथं झोपू नका, दोन उशाही नकोत.

दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि स्कूटर! मान वळत नसेल तर मागची गाडी दिसत नाही. पणजीला जायचंच असेल तर बस धरा.

साधी लचक बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. पण हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा आला, ताप आणि तीव्र डोकेदुखीसह मान ताठ झाली, किंवा दुखणं छातीत, जबड्यात, डाव्या हातात उतरलं, तर घरी थांबू नका, लगेच इस्पितळ गाठा. पडल्यावर किंवा अपघातात मान दुखावली असेल तर माणसाला हलवू नका, 108 ला फोन करा.