एअर शोच्या संस्थेत येताय? जॅकेटच्या आधी पावती बघा

४ डिसेंबर २०२३ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला आणि तेव्हापासून आमच्या संस्थेकडे चौकशा वाढल्या. कॉलेजची मुलं येतात, आयटीआयची येतात, परवा एक शिक्षिका आल्या होत्या. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की माणसाला राहवत नाही, हे मला मनापासून कळतं. मला हा नाद एनसीसीच्या मुलांनी उडवलेल्या बाल्साच्या हलक्या लाकडाच्या ग्लायडरने लावला. त्यामुळे तुमच्या उत्साहावर मी पाणी ओतणार नाही. मला सांगायचंय ते संस्थेत शिरण्याबद्दल, कारण तिथे मी पोळलेय आणि अजून ते मनातून गेलेलं नाही.

हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती पथकाची नऊ हॉक विमानं, सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं हे सगळं सरकारी यंत्रणेचं काम. आमच्यासारखी गावची संस्था करते तो शो रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानांचा. पाऊस सरला, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचं, गवत कापलं, की आमचा हंगाम सुरू. उडवणारे मोजके असतात. पार्किंग, दोरी, पाणी, प्रथमोपचार, माइक, फ्लाइट लाइनवरची, म्हणजे विमानं उडवतात त्या जागेवरची, मदत हे सगळं स्वयंसेवकांवर चालतं. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी कशी सांभाळायची, आधी ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, चालू करून मग विमानात बॅटरी जोडायची, एवढं तुम्हाला येत असेल असं धरून चालते. येत नसेल तर ते शिकून या.

आता मुद्द्याचं. स्वयंसेवक असणं वेगळं आणि सभासद असणं वेगळं. ग्रुपमध्ये घेतलं, अंगावर नारिंगी जॅकेट चढलं, सगळे नावाने हाक मारायला लागले, की आपण संस्थेचे झालो असं वाटतं. कागदावर तसं झालेलं नसतं. महाराष्ट्रातली अशी संस्था साधारणपणे १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. १८६०च्या कायद्याचं कलम १५ एकदा वाचाच, छोटंसं आहे. संस्थेच्या नियमांप्रमाणे ज्याला प्रवेश दिलाय, आणि ज्याने वर्गणी भरलीय किंवा सभासदांच्या नोंदवहीत सही केलीय, तो सभासद. त्याच कलमात पुढे म्हटलंय की वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली असेल तर त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही नाही. घाम किती गाळला, किती उन्हाळे सड्यावर काढले, याचा त्या कलमात उल्लेख नाही.

माझं काय झालं ते सांगते. मी अर्ज भरला, पाचशे रुपये मैदानातच रोख दिले, खजिनदारांनी गाडीतलं पावतीपुस्तक काढून पावती फाडून हातात दिली. नाव बरोबर, तारीख बरोबर, रक्कम बरोबर. ‘कशाबद्दल’ या छापील शब्दापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘देणगी’. गाडीत तेवढंच पुस्तक होतं. आणि माझा अर्ज कार्यकारिणीपुढे गेलाच नाही, कुठल्यातरी फायलीत राहिला. मला कोणी काही बोललं नाही. उलट पुढच्या हंगामात मला फ्लाइट लाइनवर घेतलं, तेव्हा मी आनंदाने घरी फोन केला होता.

त्याच हंगामात मी एका उडवणाऱ्याचं विमान शेपटीकडून धरून बसले होते. बॅटरी जोडून झाली, बीप वाजले, आणि त्याने ट्रान्समीटर गळ्यात अडकवताना थ्रॉटलची, म्हणजे मोटरचा वेग वाढवणारी, काडी पट्ट्यात अडकून वर गेली. विमान हातातून फिरलं आणि प्रॉपेलरने माझा तळहात अंगठ्याच्या मुळापासून फाडला. टाके पडले, कामावर सुट्टी पडली. संस्थेने कार्यक्रमासाठी अपघात विमा काढलेला होता, म्हणून मी बिलं जपून ठेवली. विम्याची यादी सभासद नोंदवहीवरून केलेली होती. त्यात माझं नाव नव्हतं. देणगीदारांच्या यादीत होतं.

बिलाचे पैसे गेले याचं दुःख एका महिन्यात ओसरलं. खरं लागलं ते वार्षिक सभेत. प्रत्येक ट्रान्समीटरवर थ्रॉटल तोडणारा स्विच सक्तीचा करायचा, असा ठराव आला होता. माझ्या हाताला अजून पट्टी होती. मतदानाला मी हात वर केला आणि अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या सद्गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, “ताई, तुम्ही सभासद नाही आहात, तुमचा हात धरता येणार नाही.” ठराव माझ्या हाताविनाही मंजूर झाला. मी घरी येऊन रडले आणि बरेच दिवस सड्याकडे फिरकले नाही.

म्हणून हे नीट ऐका. पैसे देण्याआधी संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, मागून घ्या आणि सभासदत्वाचे प्रकार वाचा. साधारण, आजीव, सहयोगी असे प्रकार बहुतेक ठिकाणी असतात आणि सहयोगीला अनेकदा मताचा अधिकार नसतो. पैसे संस्थेच्या खात्यात भरा, कोणाच्या खाजगी नंबरवर नको. पावतीवर ‘सभासद वर्गणी’ हे शब्द आणि आर्थिक वर्ष हवं. ‘देणगी’, ‘सहकार्य’, ‘कार्यक्रम निधी’ असं काहीही लिहिलं असेल तर तिथेच उभं राहून बदलून घ्या. इथवर लोक येतात आणि सुटलो म्हणतात. थांबा, अजून अर्धं काम बाकी आहे. अर्ज कार्यकारिणीच्या कुठल्या सभेत मंजूर झाला, ठरावाचा क्रमांक आणि तारीख काय, हे विचारा. मग नोंदवही उघडून आपलं नाव डोळ्यांनी बघा आणि समोर सही करा. नाव ‘घेतलंय’ असं कोणी तोंडी सांगितलं तर ते घेतलेलं नाही असं समजा. शेवटी विम्याची यादी. ती कार्यक्रमाच्या आधी पाठवलेली असते, म्हणून कार्यक्रमाच्या आधीच बघा.

हे विचारताना अवघड वाटतं, मला माहीत आहे. आपल्याकडे पावतीचं विचारलं की “विश्वास नाय काय आमच्यावर?” असं लगेच येतं. हसून सांगा की विश्वास आहे म्हणूनच आलोय, पण आईला दाखवायचीय. चांगला खजिनदार रागावत नाही. जो रागावतो त्याच्या संस्थेत वर्षभर नुसते प्रेक्षक म्हणून जा आणि मग ठरवा.

आणि आजीव सभासदत्वाच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. एकदाच भरा आणि सुटा, दर वर्षीची कटकट नको, असं आग्रहाने सांगणारे भेटतील. माझं मत उलटं आहे. दर एप्रिलला वर्गणी भरायला गेलं की नोंदवहीतलं नाव पुन्हा दिसतं, कार्यकारिणीत कोण बदललं ते कळतं, हिशोब विचारता येतो. आधी संस्था ओळखा, आजीव नंतर व्हा.

एवढं ऐकून घाबरला असाल तर घाबरू नका. हे सगळं मिळून दोन संध्याकाळचं काम आहे. माझाही अर्ज पुढे रीतसर मंजूर झाला, आज मी त्याच संस्थेत आहे आणि मला तिथे फार आवडतं.

कामाचं आता. पहिल्या वर्षी तुम्हाला पार्किंग मिळेल आणि तुमचं तोंड उतरेल. उतरू देऊ नका. फेब्रुवारी २०१९मध्ये बेंगळुरूच्या येलहंकाला एअरो इंडिया चालू असताना वाळलेल्या गवतात आग लागून पार्किंगमधल्या सुमारे ३०० गाड्या जळाल्या. आमच्या सड्यावर जानेवारीत गवत तसंच वाळलेलं असतं, आणि वणवा काय असतो ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून गाड्या उघड्या कातळावरच लावायच्या, गवतात नाही. विडी-सिगरेट ओढणाऱ्याला हात जोडून बाहेर काढायचं. पाण्याचे पिंप आणि ओल्या गोणी जागेवर हव्यात, आणि रांगांमध्ये एक वाट कायम मोकळी.

पार्किंगवाल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी, ती म्हणजे कातळशिल्पं, सड्याच्या दगडात कोरलेली जुनी चित्रं. कशेळीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावं तुम्ही ऐकली असतील. कोकणातली काही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण ज्यांना नाव नाही, फलक नाही अशी शिल्पं कुठल्याही सड्यावर निघू शकतात, आणि मातीने भरलेली असली तर ती गाडीच्या चाकाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत. आमच्या जागेची पाहणी चालू होती तेव्हा गुरं घेऊन आलेले एक आजोबा मला म्हणाले, “बाय, थयसून गाडी नको नेऊ, थय चित्रां हत.” आम्ही केरसुणीने माती झाडली तर खरोखर दगडात कोरलेली रेघ निघाली, बोटभर खोल, वळत गेलेली. तेव्हापासून आम्ही जागा ठरवण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना घेऊन सडा फिरतो, आणि दगडावर चुन्याची रेघ मारत नाही. दोरी लावतो. कातळात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून बांबू सिमेंट भरलेल्या डब्यांत उभे करतो आणि डब्यांना चिऱ्यांचा टेकू देतो. हे डबे उचलायचं कामही तुमचंच, कंबर सांभाळून.

दोरीवरची ड्युटी पार्किंगपेक्षा कठीण, आणि हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. दोरीवर उभं राहिलं की पाठ विमानाकडे आणि तोंड माणसांकडे. आपण ज्याच्यासाठी आलो ते मागे घोंघावत असतं आणि आपण मात्र एखादं पोर दोरीखालून घुसतंय का ते बघत असतो. जीव तुटतो. तरी वळायचं नाही. २८ ऑगस्ट १९८८ला जर्मनीत रामस्टाइनच्या शोमध्ये इटालियन पथकाची तीन विमानं एकमेकांवर आदळली, एक प्रेक्षकांवर कोसळलं आणि ७० माणसं गेली. प्रेक्षकांच्या दिशेने येणाऱ्या कसरतींवर जगभर बंधनं आली ती अशा अपघातांनंतर. मॉडेल लहान असतं म्हणून ते खेळणं होत नाही. दोन किलोचं विमान वेगात येऊन लागलं तर डोकं फुटतं. उडवणारा दोरीच्या दिशेने वळण घेत असेल तर शिट्टी मारायचा अधिकार तुम्हाला आहे, तो कितीही मोठा असला तरी.

पाण्याच्या टेबलालाही कमी लेखू नका. ६ ऑक्टोबर २०२४ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाचा शो बघायला लाखोंची गर्दी लोटली आणि उन्हात, गर्दीत पाच जणांचा जीव गेला. विमानं सगळी सुखरूप उतरली होती. आमच्या सड्यावर झाड नाही, कातळ तापला की चपलेतून चटका बसतो. म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसवणं, कोकम सरबत मीठ घालून देणं, घेरी येणारा चेहरा लांबून ओळखणं, हे शिकलेली माणसं मला उडवणाऱ्यांइतकीच महत्त्वाची वाटतात.

परवानग्यांचं काम कार्यकारिणी बघते, पण ढोबळ ओळख असू द्या. २०२१चे ड्रोन नियम, त्याखालचा, कुठे उडवायला मोकळीक आणि कुठे बंदी ते दाखवणारा हिरव्या-पिवळ्या-लाल विभागांचा नकाशा, आणि रत्नागिरी व चिपी या विमानतळांपासून आपली जागा किती लांब आहे, एवढं तरी.

शिकवणाऱ्याबद्दल थोडं. पहिल्याच दिवशी “घे, उडव” म्हणून ट्रान्समीटर हातात देणारा माणूस फार आवडतो. त्याच्यापासून जपून राहा. मला ज्यांनी घडवलं ते काका हवाई दलातून निवृत्त झालेले फिटर. त्यांनी कितीतरी आठवडे मला फक्त तपासणी करायला लावली. बिजागऱ्या ओढून बघ, प्रॉपचा नट फिरवून बघ, गुरुत्वमध्य दोन बोटांवर तोलून बघ, सिग्नल तोडून मोटर बंद होते का बघ. तेव्हा राग यायचा. आज कोणाचंही विमान हातात आलं की ते उडवण्याजोगं आहे का, हे मला लगेच कळतं. सिम्युलेटरवर सराव जरूर करा, पण त्यात प्रॉप हाताला लागत नाही आणि वाराही खरा नसतो.

वारा इथला शिकायलाच हवा. सकाळी जमिनीवरून दर्याकडे जाणारा मतलई वारा असतो, मंद आणि सरळ. ऊन चढलं की खारं वारं सुटतं, सड्याच्या कड्यावर आपटून वर उसळतं आणि हलकं फोमचं विमान उतरताना उलटंपालटं करतं. म्हणून नवशिक्यांची उड्डाणं आम्ही सकाळीच आटोपतो. तुम्हाला पहाटे साडेपाचला बोलावलं तर सहाला येऊ नका. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बंद बूट, दोन लिटर पाणी आणि वर्गणीच्या पावतीची झेरॉक्स घेऊन या.